लॅक्सटन

लॅक्सटन : इंग्लंडच्या नॉटिंगॅमशर परगण्यातील एक लहान शेतकरी गाव व पॅरिश (स्थानिक प्रशासकीय विभाग). ते नेवार्कच्या वायव्येस, जड चिकणमातीच्या चढउतारांवर वसले आहे. मध्ययुगीन खुल्या शेतांची पद्धत आणि ती राखणारे गावाचे न्यायमंडळ ही दोन्ही येथे अद्याप चालू आहेत. इतक्या पूर्ण स्वरूपात ही व्यवस्था इंग्लंडमध्ये अन्यत्र टिकलेली नाही.

१०८६ च्या डूम्सडे पाहणीत (इंग्लंडच्या राजाने करविलेल्या जमीन-मालकीच्या नोंदणीत) हे गाव जेफ्री अल्सेलिन याच्या ताब्यात दिसते. पुढे ते को व एव्हरिंगॅम या घराण्यांकडे गेले. शेरवुडच्या राजवनाची वंशपरंपरागत राखण या घराण्यांकडे होती. गावाच्या उत्तरेस त्या काळातील गढीचा मातीचा उंचवटा व तटांच्या खुणा स्पष्ट दिसतात.

गावाभोवती वेस्ट फील्ड, साउथ फील्ड व मिल फील्ड अशी तीन मोठी शेते आहेत. चौथे, लहान ईस्ट फील्ड पुढे कुंपणबंद झाले, म्हणजे कुंपणे घालून स्वतंत्र खाजगी शेतांत वाटले गेले. शेतात कुंपणे नाहीत. ते पट्ट्यांत विभागलेले असून एका शेतकऱ्याच्या पट्ट्या निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेल्या असतात. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातील पीक आणि तिसरे पड, अशी पाळी दरवर्षी पुढे सरकते. नांगराखाली न येणाऱ्या सखल, ओल्या भागांना ‘साइक’ म्हणतात. त्यांतील गवताचा लिलाव होतो. जमीन विखुरलेली असल्यामुळे शेतकऱ्यांची घरे व कोठारे रानात नसून गावातील रस्त्यालगतच आहेत. १६३५ मध्ये मार्क पियर्सने गावाची मोजणी करून काढलेल्या नकाशात प्रत्येक पट्टी दाखविलेली आहे. हा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

खुल्या शेतांच्या या पद्धतीच्या उगमाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. फ्रेडरिक सीबोमने (१८८३) तिचा संबंध जमीनदारीशी व वेठबिगार कुळांच्या सामाईक नांगराशी जोडला. एच. एल. ग्रे (१९१५) याच्या मते ती अँग्लो-सॅक्सन वसाहतकारांनी सोबत आणली असावी. लॅक्सटनचाच अभ्यास करणाऱ्या ऑर्विन दांपत्याने (१९३८) नांगराला महत्त्व दिले : जड पलटी नांगर वारंवार वळवणे कठीण, म्हणून लांब पट्टी, आणि रान सर्वांनी मिळून मोडले, म्हणून पट्ट्या विखुरलेल्या. जोन थर्स्क यांनी (१९६४) मात्र वारसांतील वाटण्या व चराईची टंचाई यांतून ती हळूहळू घडली आणि तिचे पूर्ण रूप बाराव्या-तेराव्या शतकांपूर्वी सिद्ध होत नाही, असे दाखवले. नंतरच्या क्षेत्रीय पुरातत्त्वीय पाहण्यांवरून मध्य इंग्लंडमधील अनेक गावांची शेते नॉर्मन विजयापूर्वीच (१०६६), साधारण आठव्या ते दहाव्या शतकांत, नव्याने आखली गेली असावीत असे वाटते. हे मत अधिक ग्राह्य दिसते. तथापि पट्ट्यांचा लांबटपणा समजून घेण्यास ऑर्विन यांचे विवेचन आजही उपयुक्त आहे. भारतात व्हाइसरॉयच्या मंडळाचा कायदा सदस्य राहिलेल्या हेन्री मेनने (१८७१) अशा इंग्रजी शेतांची व भारतीय ग्रामसमाजाची उत्पत्ती एकाच सामुदायिक मालकीच्या मुळापासून झाली, अशी मांडणी केली होती. दख्खनसारख्या रयतवारी गावांच्या (जेथे प्रत्येक शेतकरी आपली जमीन स्वतंत्रपणे धरतो) आधारे बेडन-पॉवेलने (१८९६) तिला घेतलेला आक्षेप सबळ आहे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी बहुतेक खुली शेते कुंपणबंद झाली. लॅक्सटन त्यातून वाचले, याचे एक कारण म्हणजे अर्ल मॅनव्हर्स व अर्ल ऑफ स्कारबरो या दोन मोठ्या जमीनदारांत एकमत न होणे. कुंपणबंदीचा खर्च हेही कारण असावे. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र पट्ट्या एकत्र करून त्यांची संख्या बरीच कमी करण्यात आली.

नोव्हेंबरच्या अखेरीस पंचमंडळी गव्हाच्या शेतात फिरून हद्दीच्या खुंट्या तपासतात आणि कोणी वाट वा शेजारची पट्टी नांगरली असल्यास नोंद करतात. नंतर भरणाऱ्या ‘कोर्ट लीट’ या गावाच्या न्यायसभेत दंड ठरतो. इंग्लंडमधील अशा न्यायसभांचे अधिकार १९७७ च्या कायद्याने संपुष्टात आले. लॅक्सटनचा त्यात स्पष्ट अपवाद केला आहे. १९५२ मध्ये मॅनव्हर्स जमीन कृषी मंत्रालयाकडे, १९८१ मध्ये क्राउन इस्टेटकडे (राजसत्तेच्या मालमत्तेचे व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेकडे) व २०२० मध्ये मॅनव्हर्सांच्या वारशातील थोर्सबी इस्टेटकडे गेली.

सेंट मायकेलचे चर्च मुख्यतः मध्ययुगीन असून एकोणिसाव्या शतकात त्याची बरीच पुनर्रचना झाली. त्यातील एव्हरिंगॅम घराण्याच्या समाधिमूर्तींपैकी एका स्त्रीची मूर्ती ओक लाकडाची आहे. मूरहाउस ही वाडी याच पॅरिशमध्ये मोडते.