किंकाळीमागचा वाद्यवृंद

सिंफनिक ब्लॅक मेटल, म्हणजे किंचाळणारा गळा, कर्कश गिटार आणि जोडीला वाद्यवृंदाचे सूर असलेलं रॉक संगीत, पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: गाणारा काय म्हणतो ते कळत नाही. तक्रार खरी आहे, आणि या संगीताचा इतिहास समजून घ्यायला तीच सगळ्यात सोयीची जागा आहे. गायक किंचाळतो, ड्रमचे ठोके मोजता येणार नाहीत इतके दाट पडतात, गिटारचे सूर अखंड थरथरत राहतात. एवढ्या कल्लोळात राजवाडा, शाप आणि खून दाखवायचा तर शब्दांवर विसंबून भागत नाही. गोष्ट पुढे नेणारं दुसरं कुणीतरी लागतं. ते काम हळूहळू वाद्यवृंदाने उचललं.

नागपूरकरांना ही विभागणी परकी वाटू नये. इथून पूर्वेला, वडसा-गडचिरोलीच्या पट्ट्यात, दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. नाटकं रात्रभर चालतात, नागपूरचे कलावंतही त्यात कामं करतात, आणि प्रसंगाचा नूर पालटतोय याची वर्दी वादक मंडळी देतात. त्याच्याही मागे गेलं तर १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी सुरू केलेली नाटकं आहेत. त्यांत कथा सूत्रधार गायचा आणि तोंड रंगवलेले राक्षस ‘अललडुर्र’ करत मंचावर यायचे. आरोळी राक्षसाची, कथानक सूत्रधाराचं.

युरोपात नाट्य आधी आलं, वाद्यवृंद नंतर. ‘ब्लॅक मेटल’ हे नाव न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडच्या १९८२ च्या अल्बममुळे रुळलं, पण तिथे कथा अशी नव्हती. ती डेन्मार्कच्या किंग डायमंडने आणली. १९८७ चा ‘अॅबिगेल’ हा त्याचा अल्बम म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच भूतकथा. चेहरा रंगवलेला, आणि एकाच गळ्यातून वेगवेगळी पात्रं: कधी टिपेचा आवाज, कधी खर्ज. त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या सेल्टिक फ्रॉस्टने जड गिटारशेजारी फ्रेंच हॉर्न आणि तंतुवाद्यं ठेवून पाहिली. दोन्ही वाटा पुढे एकत्र येणार होत्या.

त्या एकत्र आल्या नॉर्वेत. एम्परर या बँडने पहिला पूर्ण अल्बम, ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’, १९९३ मध्ये बर्गनच्या ग्रीगहालेन या संगीतगृहात ध्वनिमुद्रित केला. तो १९९४ मध्ये बाहेर आला. ग्रीगहालेन हे बर्गनच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचं घर. पण एम्पररकडे वाद्यवृंद नव्हता, होता तो कीबोर्ड. तरीही तो अल्बम ऐकताना डोंगर, रात्र आणि थंडी डोळ्यांपुढे उभी राहते, कारण कीबोर्डचे लांब सूर किंकाळीच्या मागे आकाशासारखे पसरलेले आहेत. पुढे शेकडो वादक वापरून झालेल्या कामांपेक्षा मला तो आजही मोठा वाटतो. याच काळात नॉर्वेतल्या या वर्तुळातल्या काहींनी चर्च जाळली, खूनही झाले, आणि एम्पररचे सदस्यही त्यात दोषी ठरले. संगीताचं कौतुक करताना हे वगळून चालणार नाही.

इंग्लंडच्या क्रेडल ऑफ फिल्थने मात्र थेट रंगमंच उभारला. १९९८ चा ‘क्रुएल्टी अँड द बीस्ट’ हंगेरीच्या एलिझाबेथ बाथोरी या सरदारणीवर आहे, आणि तिच्या तोंडची वाक्यं इन्ग्रिड पिटने बोलली आहेत. या अभिनेत्रीने १९७१ मध्ये तशीच भूमिका पडद्यावर केली होती. स्पष्ट बोललेली चार वाक्यं मिळाली की पुढची दहा मिनिटं श्रोता हरवत नाही, ही समज सूत्रधाराचीच. २००३ मध्ये या बँडने बुडापेस्टचा वाद्यवृंद आणि समूहगायनही घेतलं.

खरा वाद्यवृंद सगळ्यात ठामपणे वापरला तो नॉर्वेच्याच डिमू बोर्गिर या बँडने. २००१ मध्ये गोथेनबर्ग ऑपेराचे वादक, २००३ मध्ये प्रागचा फिलहार्मोनिक. रचना बसवणारे गौटे स्टोरोस यांच्यापुढची अडचण तांत्रिक होती. मुद्दाम फाटक्या, खरखरीत आवाजाची केलेली गिटार मधल्या पट्टीची सगळी जागा व्यापते, त्यामुळे व्हायोलिन तिच्यात बुडतात. पितळी वाद्यं आणि समूहगायन मात्र वर निघतं. म्हणून या संगीतात प्रवेश, युद्ध, पतन असे मोठे क्षण बहुधा तुताऱ्यांनी आणि गायकवृंदाने साजरे होतात, आणि तंतुवाद्यांना गिटार थांबल्यावरच मोकळा श्वास मिळतो. २०११ मध्ये ऑस्लोत हाच बँड नॉर्वेच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या वाद्यवृंदासोबत मंचावर उभा राहिला. चर्च जळाली त्याला तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती.

पुढच्या पिढीत नेदरलँड्सच्या कॅराक आंग्रेनने कथा आणि वाद्यरचना वेगळी ठेवलीच नाही. २००८ चा त्यांचा पहिला अल्बम स्थानिक भुताच्या दंतकथेवर, २०१० चा शापित जहाजावर. दार करकरतं, पावलं वाजतात, पियानो थबकतो, आणि मग किंकाळी येते. आपल्याकडे मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये ‘दशावतार’ हा अल्बम काढला, विष्णूच्या एकेका अवतारावर एकेक गाणं. कोकणातले दशावतारी रात्र जागवून जे सांगतात, तेच इथे विजेच्या गिटारवर.

दौऱ्यावर मात्र वाद्यवृंद परवडत नाही. बहुतेक बँड तो लॅपटॉपमधून वाजवतात, ड्रमरच्या कानात क्लिकचा ठोका चालू असतो आणि सगळ्यांना त्याच्या मागे धावावं लागतं. झाडीपट्टीत प्रेक्षकांनी ‘वन्समोअर’ दिला की ऑर्गनवाला पद पुन्हा उचलतो, नट दमला तर सूर धरून ठेवतो. लॅपटॉप थांबत नाही. या संगीताने सूत्रधार मिळवला, पण मंचावर तो बहुतेक वेळा आधीच बोलून ठेवलेला असतो, आणि मला हीच त्याची अजून न सुटलेली अडचण वाटते.