डार्क मोड लावला तरी डोळे का दुखतात?

कॉम्प्युटरचा उजेड सहन होत नाही असं कोणी म्हटलं की पुढचा लगेच "डार्क मोड लाव की", म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं कर, म्हणून मोकळा होतो. काहींना त्यानं खरंच बरं वाटतं, पण बऱ्याच जणांचं डोकं उलट जास्त धरतं. मला विचाराल तर आधी नक्की काय खुपतंय ते शोधायला पाहिजे, उजेडाचा जोर, त्याचा रंग, त्याची उघडझाप, का अक्षरं आणि मागचा रंग यातला फरक, कारण प्रत्येकाचं सेटिंग वेगळ्या ठिकाणी आहे.

डोळ्याच्या पडद्यावर बघण्याच्या पेशी असतात हे शाळेत शिकलोय, पण तिथेच आणखी एक जात आहे जी चित्र बघत नाही, फक्त उजेड किती आहे ते मेंदूला कळवते. तिच्यातलं मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य १९९८ मध्ये सापडलं, तेही आधी बेडकाच्या कातडीत, आणि २००२ मध्ये ब्राऊन विद्यापीठाच्या डेव्हिड बर्सन यांनी दाखवलं की या पेशी स्वतःच उजेड टिपतात, निळसर म्हणजे ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा सगळ्यात जास्त. २०१० मध्ये हार्वर्डच्या रामी बर्स्टीन यांच्या गटाला असे मायग्रेनचे अंध रुग्ण आढळले ज्यांना दिसत काही नव्हतं, फक्त उजेड-अंधार कळायचा, तरी उजेडानं त्यांचं डोकं जास्त दुखायचं. म्हणजे उजेड टोचणं हे नाटक नाही, त्याची वायरिंगच वेगळी आहे. याच गटानं २०१६ मध्ये दाखवलं की मायग्रेनमध्ये मंद हिरवा उजेड सगळ्यात कमी त्रास देतो. विंडोजमधला नाईट लाईट निळा कमी करून स्क्रीन पिवळसर करतो, त्यानं काहींना आराम पडतो, लावून बघायला पैसे पडत नाहीत, पण चमत्काराची अपेक्षा नको.

आता खोलीचं बघा. पावसाळ्यात बेळगावजवळ खानापूरकडं दुपारी चारलाच अंधारून येतं, दिवा लावायचा कंटाळा, आणि अंधारात तेवढी एक स्क्रीन पेटलेली. बाजारातल्या बहुतेक मॉनिटरचा पांढरा रंग पूर्ण ब्राइटनेसला २५० ते ३५० कॅंडेला प्रति चौरस मीटर (पडद्याचा उजेड मोजायचं माप) असतो, आणि कॉम्प्युटरच्या रंगांचं जे एसआरजीबी मानक आहे ते धरतं फक्त ८०. स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा, कागदापेक्षा स्क्रीन दिव्यासारखी पेटलेली दिसली तर ब्राइटनेस उतरवा आणि खोलीत एक दिवा लावा. खिडकी बाजूला असावी, पाठीमागं किंवा समोर नको.

डार्क मोडची गंमत अशी की काळ्या स्क्रीनपुढं बाहुली मोठी होते, आणि बाहुली मोठी झाली की चष्म्याच्या नंबरातली बारीकसारीक चूक, विशेषतः तिरका नंबर, जास्त जाणवते, पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. रोमन लिपीत हे चालून जातं पण आपल्याकडं अनुस्वार, रफार, मात्रा सगळं वर बारीक बारीक, ते एकमेकांत मिसळतं. बेळगावच्या शहापुरात डीटीपी करणाऱ्या एक अक्का आहेत, एकाच पत्रिकेत मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर लावतात, त्यांनी काळा पडदा लावला आणि काढूनही टाकला. त्यांना शेवटी जमलं ते फिकट राखाडी पान, त्यावर गडद राखाडी अक्षर, आणि झूम वाढवलेला. लिबरऑफिसमध्ये ऑप्शन्समध्ये जाऊन पानाचा रंग बदलता येतो, छपाईला तो उतरत नाही, म्हणून गिऱ्हाईकाची भीती नको. विंडोजमध्ये कॉन्ट्रास्ट थीम्सही, म्हणजे ठळक फरकाच्या रंगजोड्या, आहेत, डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबलं की लागतात, तेच पुन्हा दाबलं की जातात.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे उघडझाप. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ब्राइटनेस कमी केला की मागचे एलईडी मंद होत नाहीत, ते सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू होतात आणि बंद राहण्याचा वेळ वाढतो, म्हणून आपल्याला मंद वाटतं. डोळ्याला ते दिसत नाही पण काहींचं डोकं मात्र धरतं, जुन्या चोकच्या ट्यूबखाली धरायचं तसंच, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर तीही सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. म्हणजे ज्यांनी डोळ्यांसाठी म्हणून ब्राइटनेस पार खाली आणला त्यांनाच जास्त त्रास, असं होऊ शकतं! तपासायचं सोपं आहे, पांढऱ्या स्क्रीनसमोर पेन्सिल भराभरा हलवा, एकसारखा धूसर पट्टा दिसण्याऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर स्क्रीन लुकलुकतेय. मग लॅपटॉपचा ब्राइटनेस वर ठेवायचा, आणि अंधार सॉफ्टवेअरनं करायचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधून किंवा एफ-लक्ससारख्या प्रोग्रॅमनं. त्यात चित्रच गडद होतं, दिवा लुकलुकत नाही. नवीन मॉनिटर घेताना फ्लिकर-फ्री लिहिलंय का ते बघा.

दिवसभर घरात गॉगल लावून बसू नका, डोळा अंधाराला सरावतो आणि साधा उजेडही मग जास्त टोचतो. आणि हा त्रास अचानक सुरू झाला असेल, डोळा लाल, दुखरा, अंधुक दिसतंय, किंवा सोबत ताप आणि मान ताठ, तर सेटिंग राहू दे, आधी डॉक्टर गाठा.

बाकी सगळं वापरणाऱ्यानंच करायचं हे मला पटत नाही. बेळगावातल्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या ऑफिसात कॅडचं ड्रॉइंग काळसर पडद्यावर असतं, त्यातून बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर गेलं की भक्कन पांढरंफेक, कारण लिहिणाऱ्यानं पांढरा रंग कोडमध्ये पक्का करून टाकलेला असतो, विंडोजला थीम कुठली लावलीय ते विचारतच नाही. असल्या प्रोग्रॅममध्ये भाषा कन्नड, मराठी, इंग्लिश निवडता येते, रंग नाही. विंडो उघडताना आतला मजकूर यायच्या आधी पांढरा झटका बसतो तोही विंडोचा मागचा रंग आधीच ठरवला तर जातो. अक्षर आणि मागचा रंग यांत निदान ४.५ ला १ एवढा फरक ठेवा असं वेबसाठीचं मानक सांगतं, ते डेस्कटॉपलाही चालतं, फक्त म्हणून एकदम २१ ला १, म्हणजे पांढऱ्याफेकावर कुळकुळीत काळं, करायची गरज नाही. कर्सरची लुकलुकही विंडोजच्या कीबोर्ड सेटिंगमधून बंद करता येते, प्रोग्रॅमनं तेवढं पाळावं. हे काम फार मोठं नाही, आणि ही बिलिंगची सॉफ्टवेअरं लिहिणारी पोरं बऱ्याचदा गावातलीच असतात, पुढच्या वेळी जीएसटीचं काही अडलं म्हणून त्यांना फोन कराल तेव्हा हेही सांगून टाका.