वनस्पतींची लवणसहिष्णुता

पाण्यात विरघळणारी लवणे, मुख्यतः सोडियम क्लोराइड, भरपूर असलेल्या जमिनीत जगण्याची, वाढण्याची आणि बी धरण्याची वनस्पतीची क्षमता म्हणजे लवणसहिष्णुता. संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता २५° से. तापमानाला ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त भरली की जमीन खारी मानतात. एवढी वाहकता साधारण ४० मिलिमोलर (दर लिटरला मोलचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिमोलर) मिठाच्या द्रावणाची असते. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० च्या आसपास असते आणि त्यात मीठ सुमारे ५०० मिलिमोलर असते. बहुतेक पिकांचे उत्पन्न वाहकता २० होण्याआधीच शून्यावर येते. तिवर, सुएडा, सॅलिकॉर्निया यांसारख्या लवणोद्भिद वनस्पती मात्र २०० मिलिमोलर व त्याहून अधिक मिठात आपले जीवनचक्र पूर्ण करतात. सपुष्प वनस्पतींमध्ये अशा जाती जेमतेम एक टक्का आहेत.

लवणोद्भिदांची एंझाइमेच मिठाला सरावलेली असतात, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. त्यांची एंझाइमे पेशीबाहेर काढून परीक्षानळीत मिठाच्या द्रावणात घातली, तर ती घेवड्याच्या एंझाइमांइतकीच मंदावतात. म्हणजे खाऱ्या जमिनीतले झाड मीठ पचवत नाही. पेशीतल्या नाजूक भागापासून ते मीठ दूर ठेवते. आत येऊ न देणे, आलेले परत लोटणे, कोंडून ठेवणे, पानातून बाहेर टाकणे असे त्याचे वेगवेगळे मार्ग आहेत, आणि एकाच झाडात त्यांपैकी अनेक एकाच वेळी चालू असतात.

इजा कशी होते

मिठाचा त्रास दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा पाण्याचा. मातीतल्या पाण्यात लवणे वाढली की मुळाला ते ओढून घेणे जड जाते. वाहकता १० असेल तर मातीच्या पाण्याचा तर्षण दाब (विरघळलेल्या पदार्थांमुळे पाण्याला धरून ठेवणारी ओढ) सुमारे ०.३६ मेगापास्कल भरतो. याचा परिणाम मिनिटांत दिसतो: पर्णरंध्रे आकसतात, नवी पाने लहान व उशिरा येतात, फुटवे कमी होतात. मिठाऐवजी तेवढ्याच तर्षण दाबाचे दुसरे द्रावण दिले तरी हेच घडते, त्यामुळे या टप्प्याचा दोष सोडियमला देता येत नाही.

दुसरा टप्पा विषबाधेचा, आणि तो दिवस किंवा आठवडे लावून येतो. बाष्पोच्छ्वासाबरोबर वर चढलेले मीठ पानात साचत जाते आणि जुन्या पानांची टोके व कडा करपतात. नवी पाने येण्याच्या वेगापेक्षा जुनी पाने मरण्याचा वेग वाढला की दाणे भरायला शर्करा उरत नाही. पोटॅशियमच्या कमतरतेतही जुन्या पानांच्या कडा अशाच करपतात. नुसत्या डोळ्यांनी निदान करू नये, पानातले सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड तपासावे. सोडियम पोटॅशियमची जागा बळकावत असल्याने दोन्ही दोष एकत्र असणे नेहमीचेच. गहू व भातात खरा त्रास सोडियमचा, तर द्राक्ष, लिंबूवर्गीय झाडे व सोयाबीन यांत बऱ्याचदा क्लोराइडचा असतो.

मुळाशी अडवणूक

पानात जितके पाणी उरते त्याच्या सुमारे ५० पट पाणी झाड हवेत सोडते. म्हणून पानातल्या मिठाची तीव्रता मातीच्या पाण्यातल्या तीव्रतेपुढे जाऊ द्यायची नसेल, तर मुळाला ९८ टक्के मीठ बाहेरच ठेवावे लागते. गहू, बार्ली यांसारखी पिके हे बरेचसे साधतात. कांदळ तर जवळजवळ ९९ टक्के मीठ अडवते.

ही अडवणूक करणारा मुख्य बांध म्हणजे मुळाच्या अंतस्त्वचेतली कॅस्पेरी पट्टी. तिच्यामुळे पाण्याला पेशीभित्तींच्या फटींतून थेट जलवाहिन्यांत शिरता येत नाही, पेशीपटल ओलांडावेच लागते. भाताच्या मुळात हा बांध गळका असतो आणि बरेच सोडियम आडवाटेने वर जाते. सिलिका दिल्याने ही गळती कमी होते.

तरीही आत शिरलेले सोडियम परत लोटण्याची यंत्रणा अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपात उलगडली. सोडियम वाढले की पेशीद्रवातले कॅल्शियम उसळते, ते एसओएस३ हे प्रथिन ओळखते, ते एसओएस२ ला जागे करते आणि एसओएस२ पेशीपटलावरच्या एसओएस१ या पंपाला चालना देते. हा पंप एक प्रोटॉन आत घेतो आणि एक सोडियम आयन बाहेर टाकतो. एचकेटी गटातली वाहक प्रथिने दुसरे काम करतात: जलवाहिनीत चढलेले सोडियम ती पानापर्यंत पोचण्याआधीच काढून घेतात.

या सगळ्याला ऊर्जा लागते, आणि मुळाला ती मिळते श्वसनातून, ज्याला प्राणवायू हवा असतो. म्हणूनच खारेपणा आणि पाणथळपणा एकत्र आले की घात होतो. मुळे गुदमरली की पंप मंदावतात आणि पानातले सोडियम झपाट्याने वाढते. जी जात निचऱ्याच्या जमिनीत तग धरते, तीच साचलेल्या पाण्यात त्याच खारेपणाला कोलमडते.

पानातला बंदोबस्त

पानात पोचलेले मीठ पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या द्रवाने भरलेल्या पिशवीत, कोंडले जाते. रिक्तिकेच्या पटलावरची एनएचएक्स प्रथिने हे काम करतात. पक्व पेशीचा सुमारे ९० टक्के भाग रिक्तिकेचा असल्याने कोठार मोठे असते, पण त्यातल्या मिठाने पेशीद्रवातले पाणी ओढून घेऊ नये म्हणून तिथे समतोल साधावा लागतो. त्यासाठी प्रोलीन, ग्लायसीन बीटेन, मॅनिटॉल अशी निरुपद्रवी संयुगे तयार होतात. यातला हिशेब झाडाच्या बाजूचा आहे: पेशीद्रव थोडाच असल्याने संपूर्ण ऊतीच्या मानाने १० मिलिमोलर संयुग रिक्तिकेतल्या १०० मिलिमोलर मिठाला पुरते. मात्र ही संयुगे महाग पडतात. एक मोल सोडियम साठवायला सुमारे ३.५ मोल एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) लागतात, एक मोल प्रोलीनला ४१ आणि ग्लायसीन बीटेनला ५०. म्हणूनच लवणोद्भिद मीठ पूर्णपणे नाकारत नाहीत. स्वस्तातला तर्षण दाब म्हणून ते वापरतात आणि त्यांतल्या काहींची उत्तम वाढ १०० ते ३०० मिलिमोलर मिठातच होते.

तिवर, काजळा व झाऊ यांच्या पानांवर लवणग्रंथी असतात. त्या मीठ बाहेर टाकतात आणि ऊन चढले की पानावर पांढरे कण दिसतात. अ‍ॅट्रिप्लेक्स व किनोआ यांच्या पानांवर सूक्ष्म फुगे असतात, त्यांत मीठ साठते.

मोजणी आणि चुका

पिकांची तुलना करायला १९७७ मध्ये मास व हॉफमन यांनी मांडलेले सरळ रेषेचे सूत्र अजून वापरात आहे: सापेक्ष उत्पन्न = १०० − उतार × (वाहकता − उंबरठा). उंबरठा म्हणजे ज्या वाहकतेपर्यंत उत्पन्न घटत नाही ती, आणि उतार म्हणजे त्यापुढच्या प्रत्येक एककाला होणारी टक्केवारीतली घट. बार्लीचा उंबरठा ८ व उतार ५, गव्हाचा ६ व ७.१, भाताचा ३ व १२, घेवड्याचा १ व १९. वाहकता ९ असलेल्या जमिनीत या हिशेबाने बार्ली ९५ टक्के, गहू ७९ टक्के, भात २८ टक्के येतो. घेवडा येतच नाही. जिप्समयुक्त जमिनीत मात्र पिके या आकड्यांपेक्षा सुमारे २ एकक जास्त खारेपणा सोसतात, कारण अर्क काढताना जादा जिप्सम विरघळून वाहकता फुगते.

अर्क काढायला मातीत शुद्ध पाणी घालत कालवावे. लगदा चकाकू लागला आणि पात्यावरून सहज घसरला की थांबावे, काही तास ठेवून गाळावे. तापमानाच्या प्रत्येक अंशाला वाहकता सुमारे २ टक्के बदलते. एक भाग माती व पाच भाग पाणी अशा अर्काचा आकडा थेट वरच्या सूत्रात घालणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. तो पातळ असल्याने जमीन आहे त्यापेक्षा कमी खारी वाटते.

कुंडीतल्या प्रयोगात सगळे मीठ एकदम देऊ नये, रोज २५ ते ५० मिलिमोलरच्या पायऱ्यांनी वाढवावे. एकदम दिले तर सहनशक्तीऐवजी धक्का मोजला जातो. पोषक द्रावणात कॅल्शियमही वाढवावे, नाहीतर सोडियम मुळात बेबंद शिरते. रोप किती दिवस जगले यापेक्षा बिगरखाऱ्या द्रावणातल्या रोपाच्या तुलनेत किती वाढले, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

पिकाची अवस्थाही पाहावी लागते. भात उगवताना मीठ सोसतो, कोवळ्या रोपात व फुलोऱ्यात हळवा होतो. शुगरबीटचे उलट: वाढलेले पीक काटक, उगवण मात्र नाजूक. सरी-वरंब्यात मीठ वरंब्याच्या माथ्यावर साचते, त्यामुळे बी बगलेला टोकावे. खारे पाणी तुषार पद्धतीने देणे टाळावे. पानावर पडलेले मीठ थेट आत शोषले जाते आणि मुळाची सारी अडवणूक वाया जाते. ठिबकवर असलेल्या पिकात हलक्या पावसात संच बंद करू नये, कारण ओल्या कडेवर साचलेले मीठ पावसाने पुन्हा मुळांकडे ढकलले जाते.