स्पिंडल थांबतो त्या क्षणी

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप चालवणाऱ्या एका परिचितांनी माझ्यापुढे दोन चुंबकीय सेन्सर ठेवले. दोन्ही दिसायला सारखेच होते, किमतीत मात्र बराच फरक होता. दोन्ही फिरत्या चाकाचे दातेच मोजत असतील तर महागडा कशासाठी घ्यायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

व्हीएमसीच्या (धातू कापणाऱ्या संगणक-नियंत्रित उभ्या यंत्राच्या) स्पिंडलवर, म्हणजे हत्यार फिरवणाऱ्या दांड्यावर, पोलादी दातेरी चाक असते आणि दात्यांपासून अगदी थोड्या अंतरावर सेन्सर बसवलेला असतो. प्रकाशाच्या साहाय्याने फिरण्याचा कोन मोजणाऱ्या एन्कोडरला तेल आणि कूलंटचे तुषार आंधळे करू शकतात, पण चुंबकीय क्षेत्राला त्यांचा अडथळा होत नाही. लोखंडाचा कीस मात्र चुंबकाला चिकटतो, त्यामुळे आडोसा हवाच. (रक्तातील लोह असेच ओढले जाते, असे सांगून मनगटात चुंबकीय कडी घालायला लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की हिमोग्लोबिनमधील लोह या किसासारखे वागत नाही.)

स्वस्त सेन्सरमध्ये चुंबकाभोवती तारेची कॉइल असते. दाता समोर आला की कॉइलमधील चुंबकीय प्रवाह वाढतो, खाच आली की घटतो, आणि फॅरडेने 1831 साली दाखवल्याप्रमाणे या बदलातून विद्युतदाब निर्माण होतो. मेख इथेच आहे. हा दाब चुंबकीय प्रवाह किती आहे यावर नव्हे, तर तो किती झपाट्याने बदलतो यावर ठरतो. मिनिटाला 6000 फेऱ्यांना 6 व्होल्ट मिळत असतील, तर 60 फेऱ्यांना साधारण 60 मिलिव्होल्ट उरतात आणि थांबलेल्या स्पिंडलला शून्य. पंपाचा वेग पाहायला एवढे पुरते. रिजिड टॅपिंगमध्ये, म्हणजे स्पिंडलच्या फिरण्याशी जुळवून टॅप या हत्याराने भोकात आटे पाडताना, मात्र एम6च्या (6 मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूच्या) आट्यांसाठी प्रत्येक फेरीमागे टॅप बरोबर 1 मिलिमीटर उतरावा लागतो आणि भोकाच्या तळाशी स्पिंडल थांबून उलटा फिरतो. तो नेमका कोणत्या कोनात आहे हे कळण्याची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी कॉइल मुकी होते.

हॉल परिणामावर (1879; चुंबकीय क्षेत्रातील वाहकात आडवा विद्युतदाब निर्माण होणे) किंवा चुंबकीय क्षेत्रात विद्युतरोध बदलणाऱ्या पट्टीवर चालणारा सेन्सर बदलाची वाट पाहत नाही. तो क्षेत्रच मोजतो. त्यात दोन संवेदक दोन दात्यांमधल्या अंतराच्या पाव अंतराने ठेवले, की एकाकडून साइन आणि दुसऱ्याकडून कोसाइन लाट मिळते. कोणती लाट पुढे आहे यावरून फिरण्याची दिशा कळते आणि दोन्हींच्या गुणोत्तरावरून दात्याच्या आतला कोन काढता येतो. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला आणि दोन्ही लाटा सारख्याच प्रमाणात खुज्या झाल्या, तरी गुणोत्तर ढळत नाही; मला या युक्तीचे फार कौतुक वाटते.

मग दाते वाढवले की अचूकता वाढेल, असा समज होतो. 0.4 मोड्यूलच्या (मोड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचे माप) चाकावर दोन दात्यांमधले अंतर सुमारे 1.26 मिलिमीटर असते. सेन्सर आणि चाकातील फट 0.2 मिलिमीटरने वाढली, तर लाटेची उंची अंदाजे 37 टक्के उरते. 1 मोड्यूलला तेवढ्याच वाढीनंतर 67 टक्के उरते. म्हणजे दाते जितके बारीक, तितकी चाकाची किंचित विकेंद्रताही (चाक अगदी मधोमध न बसल्याने फट कमीजास्त होणे) अधिक जाचते. शिवाय 256 दाते 12,000 फेऱ्यांना सेकंदाला 51,200 लाटा पाठवतात आणि त्या वाचण्याची ताकद कंट्रोलच्या इनपुटमध्ये असावी लागते.

परिचितांकडे टॅपिंग रोजचेच असल्याने महागडा सेन्सर ठरला. फट लावताना पोलादी फिलर गेजऐवजी (फट मोजायच्या पातळ पट्टीऐवजी) प्लॅस्टिकची शिम, म्हणजे ठरावीक जाडीची चकती, वापरायला मी सांगितले, कारण पोलादी पट्टी चुंबकाला चिकटते आणि हाताला फटीचा खरा अंदाज येत नाही.