ओल्या कचऱ्याला हवा लागते

नागपुरात कोणत्याही ले-आउटच्या मीटिंगमध्ये ओल्या कचऱ्याचं खत करायचा विषय काढून बघा, पहिलं वाक्य ठरलेलं, "वास येईन ना बावा, आणि तो हौद काय माझ्याच घराच्या बाजूला?" मग कोणी उंदरांवर येतो, कोणी म्हणतो टॅक्स कशाचा देऊन राहिलो आपण, चहा संपतो, विषय संपतो आणि सकाळची कचरागाडी सगळं उचलून भांडेवाडीला नेते. लोकांची भीती खोटी नाही. उन्हाळ्यात भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डात आग लागते तेव्हा आजूबाजूच्या वस्त्यांचं काय होतं ते तिथल्या लोकांनाच विचारा. पण वास नेमका कशाने येतो हे कळलं तर अर्धं भांडण तिथेच मिटतं, आणि ते फार अवघड सायन्स पण नाही.

भाजीचे देठ, साली, उरलेला भात यात वजनाच्या 70-80 टक्के तर पाणीच असतं. उरलेलं जे काय आहे ते जिवाणू खातात, आणि ते दोन प्रकारे खातात. ऑक्सिजन मिळाला तर कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि उष्णता निघते, यातल्या कशालाच वास नसतो. ऑक्सिजन संपला की दुसरी मंडळी कामाला लागते, बिनहवेची. त्यांच्याकडून हायड्रोजन सल्फाइड निघतो (सडक्या अंड्याचा वास तो हाच), आंबट उग्र आम्लं निघतात आणि मिथेन निघतो. मिथेनला वास नाही पण तो पेट घेतो, आणि 100 वर्षांच्या हिशोबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण 28 पट उष्णता अडवतो. डम्पच्या ढिगाऱ्यात आतपर्यंत हवा पोचतच नाही, म्हणून तिथे वर्षानुवर्षं हेच चालू असतं. आपण किचनमध्ये प्लास्टिकच्या पिशवीला गच्च गाठ मारून दोन दिवस ठेवतो ती पिशवी म्हणजे छोटं भांडेवाडीच.

म्हणजे हौदाला सडका वास येत असेल तर आत हवा पोचत नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि ती बहुतेक वेळा अडते ओल जास्त झाल्याने. उपाय म्हणजे वाळलेला पाला. पाला दोन कामं करतो, एक तर ढिगात पोकळी ठेवतो आणि दुसरं म्हणजे कार्बन देतो. जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे 25 ते 30 भाग कार्बन लागतो, किचनच्या कचऱ्यात तो त्याहून कमी असतो, मग जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो आणि हौदाजवळ गेलं की डोळे चुरचुरतात. नाकाला थोडी सवय झाली की मशीन-बिशीन लागत नाही. अमोनियाचा वास आला तर पाला टाका, सडक्या अंड्याचा आला तर ढीग वरखाली करून पाला टाका.

आता गंमत बघा, फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे पानगळ होते तेव्हा हाच पाला आपण ले-आउटच्या कोपऱ्यात जाळतो, आणि जूनमध्ये म्हणतो की पाला कुठून आणायचा. पोत्यांत भरून शेडखाली ठेवला तर वर्षभर पुरतो. आणि कूलरचं जुनं गवत! दरवर्षी सीझनला ते बदललं जातं आणि रस्त्यावर पडलेलं असतं, ते लाकडाचा कीसच असतो, खाऱ्या पाण्याचे पापुद्रे झटकून आणि पाण्यातून खंगाळून टाकलं तर ढिगात मस्त हवा खेळती राहते. कुजायला मात्र वेळ लागतो त्याला.

ढीग लांबी-रुंदी-उंचीला साधारण एकेक मीटर असला की आतली उष्णता आतच राहते आणि तापमान 55-60 अंशांवर जातं. त्यात रोगाचे बहुतेक जंतू आणि तणाचं बी मरतं. डिसेंबरच्या गारठ्यात सकाळी फावड्याने ढीग उकरला की भसकन वाफ निघते, आणि आत खुपसून ठेवलेली लोखंडी सळई बाहेर काढून हातात धरवत नाही. गॅलरीतल्या छोट्या कुंडीत एवढी गरमी तयार होत नाही, तिथे खत होतं पण सावकाश.

मे महिन्यात उलटं होतं. बाहेर 45 डिग्री म्हणजे ढीग झकास चालत असेल असं वाटतं, पण तो वाळून जातो आणि ओल 40 टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूंचं काम मंदावत जवळपास थांबतं. वास नाही, गरमी नाही, लोक म्हणतात झालं खत, आणि पहिला पाऊस पडला की ते अर्धकच्चं सगळं पुन्हा सडायला लागतं. मुठीत घेऊन दाबायचं, एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त, मूठ उघडल्यावर भुगा झाला तर पाणी शिंपडा.

पावसाळ्यात अळ्या दिसतात आणि तिथे बरेच प्रयोग बंद पडतात, कारण फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो. करड्या, चपट्या, बोटाच्या पेरापेक्षा थोड्या लहान-मोठ्या असतील तर त्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. ती मोठी माशी घरमाशीसारखी आपल्या ताटावर येऊन बसत नाही, आणि अळ्या ओला कचरा इतक्या झपाट्याने खातात की जगभर त्या मुद्दाम पाळतात. वर पाल्याचा जाड थर टाकला की दिसतही नाहीत. तेल-हाडांचं मात्र जपून, सावजीच्या तर्रीचं तेल कचऱ्यावर बसलं की आत हवा जात नाही आणि हाडांमागे कुत्रे-उंदीर येतातच.

आणि नागपूर म्हटलं की संत्र्याच्या साली आल्याच. साल मेणबत्तीजवळ पिळली की फुर्र करून ठिणग्या उडतात ते सगळ्यांनी लहानपणी केलंय, ते तेल म्हणजे लिमोनीन, आणि ते जिवाणूंना मारक असतं. बायोगॅसच्या टाकीत साली जास्त झाल्या तर मिथेन करणारे जिवाणूच बसून जातात. हवेशीर ढिगात ते तेल काही दिवसांत उडतं-विरतं, फक्त साली बारीक करून, पाल्यात मिसळून टाकायच्या, अख्खं टोपलं ओतायचं नाही. कोस्टारिकात 1990 च्या दशकात ज्यूस कंपनीच्या 12,000 टन साली एका उजाड कुरणावर टाकल्या होत्या, कोर्टकचेरी होऊन काम थांबलं, आणि सोळाएक वर्षांनी जाऊन बघतात तर तिथे दाट जंगल.

आता कोणी म्हणेल सगळं जाळून वीजच करा की. 2016 चे घनकचरा नियम जाळण्यालायक सुका कचरा धरत होते तो जळताना किलोमागे 1500 किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणारा, आणि ओला मिसळला की आपल्या कचऱ्याचं ते माप खाली येतं, कारण आधी पाणीच उकळत बसावं लागतं. त्याच नियमांत 5000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गेटबंद सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं लिहिलं होतं. केरळातल्या आलप्पुळाने हे हौसेने नाही केलं, 2012 मध्ये डम्पजवळच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या म्हणून गल्लोगल्ली हवेशीर हौद आणि घरोघरी बायोगॅस आले.

माझ्या मते खरा प्रश्न सायन्सचा नाहीच, ढीग वरखाली कोण करणार हा आहे. सुरुवातीच्या उत्साहात दोन काका आणि एक मावशी करतात, मग लग्नसराई येते आणि हौद पडून राहतो. तेव्हा महिन्याच्या मेंटेनन्समध्येच एका माणसाची मजुरी धरा, ग्लोव्हज आणि बूट धरा, आणि शक्य असेल तर कचरा वेचणाऱ्यालाच ते काम द्या, त्याला कचऱ्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. पुण्यात "स्वच्छ" ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरी कचरा उचलते आणि त्याचे पैसे घरांकडून घेते, म्हणजे हे जमू शकतं. त्या माणसाच्या हातात डायपर आणि पॅड उघडे येऊ नयेत, ते पेपरात गुंडाळून वर लाल फुली मारून वेगळे ठेवायचे, आतली जेल कुजत नाही आणि हौदात तर ते जायलाच नको.

खत काळं, भुसभुशीत झालं आणि पहिल्या पावसासारखा मातीचा वास आला की चाळून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिकट गोळा होते, तिच्यात हे मिसळलं की मुळांनाही हवा मिळते.