घरच्या टँकमधले मोठे शिकारी मासे: आयुष्य आणि निगा

दुसरे मासे गिळून जगणारे आणि फूटभर किंवा त्याहून मोठे होणारे मासे घरी पाळले की हौशी लोक त्यांना ‘मॉन्स्टर फिश’ म्हणतात. ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न, पीकॉक बास, रेड टेल कॅटफिश, अ‍ॅलिगेटर गार ही यातली नेहमीची नावं, आपल्याकडची मरळही यातच धरायची. दुकानात हे सगळे दोन-तीन इंचाचे, गोजिरवाणे असतात आणि खरी गोची तिथेच होते.

आयुष्याचं म्हणाल तर नीट ठेवलेला ऑस्कर 10 ते 15 वर्षं जगतो, आशियाई अरोवाना 20 च्या पुढे जातो, आणि अ‍ॅलिगेटर गार निसर्गात 50 वर्षंसुद्धा ओलांडतो. म्हणजे मूल पहिलीत असताना आणलेला ऑस्कर ते कॉलेजला जाईपर्यंत हॉलमध्ये असू शकतो. घरात मात्र बरेचसे आधीच जातात, आणि म्हातारपणाने नाही, पाण्यामुळे जातात.

‘मासा टँकच्या मापानेच वाढतो’ हे दुकानदाराचं लाडकं वाक्य, ते साफ खोटं आहे. लहान टँकमध्ये वाढ खुंटते ती घाण पाण्याने, कणा वाकडा होतो, आयुष्य घटतं. एका ऑस्करला निदान 280 लिटरचा, साधारण चार फुटी टँक लागतो. रेड टेल कॅटफिश मीटरभराच्या वर जातो, त्याला हौद किंवा तळंच हवं, फ्लॅटवाल्यांनी नाद सोडलेला बरा. सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या टँकमध्ये नुसतं पाणीच जवळपास 680 किलो भरतं, त्यामुळे जुन्या घराच्या लाकडी माळ्यावर असलं काही ठेवू नये.

हे मासे खातात भरपूर आणि तितकंच पाणी नासवतात. त्यातून अमोनिया तयार होतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट काढायला दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावंच लागतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून अँटी-क्लोरीन घालायचं. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि थोडं आम्लधर्मी असतं, त्यात पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) एकदम कोसळू शकतो आणि बॅक्टेरियाही थंडावतात. यावर घरचा उपाय म्हणजे तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या) रिकाम्या शिंपल्या उकळून, घासून, फोडून जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये टाकायच्या, त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू विरघळून पीएच धरून ठेवतं. ऑस्करच्या कपाळावर बारीक खड्डे दिसायला लागले तर औषध शोधण्याआधी पाणी टेस्ट करा.

गोव्यात हीटर फारसा लागत नाही, त्रास उलटा आहे. मे महिन्यात पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि पावसाळ्यात रात्री लाईट गेली की फिल्टर बंद पडून मोठा मासा काही तासांत गुदमरू शकतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. मरळ आणि गार वर येऊन हवेतून श्वास घेतात, त्यांच्यासाठी झाकणाखाली मोकळी जागा सोडायची, पण झाकण घट्ट, कारण मरळ आणि अरोवाना दोघंही उडी मारण्यात पटाईत.

खाणं: मोठ्या माशांसाठीचे चांगले पेलेट (तयार दाणेदार खाद्य) मुख्य, जोडीला सोललेली ताजी सुंगटं (कोळंबी). जिवंत गोल्डफिश टाकायची हौस महागात पडते, एक तर रोग येतात, शिवाय गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते बी1 जीवनसत्त्व मोडून टाकतं. सुकी सुंगटं खारट, ती नकोतच. 1 जूनपासून जुलैअखेरपर्यंत ट्रॉलर बंद असतात तेव्हा सुंगटं महागतात, आणि श्रावणात तर कित्येक घरांत मासळी येतच नाही, म्हणून माशाला पेलेटची सवय आधीपासून लावलेली बरी (नाहीतर घर शाकाहारी आणि टँक तेवढा मांसाहारी). गणेश चवथीला पाच दिवस गावी गेलात तरी मोठा मासा उपाशी मरत नाही, शेजाऱ्याने प्रेमाने मूठ-मूठ टाकलेल्या खाण्याने मात्र पाणी नासून मरू शकतो.

मासा टँकमध्ये मावेनासा झाला की लोक गुपचूप तळ्यात किंवा नदीत सोडतात. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार सापडला, तोही कुणीतरी सोडलेलाच असणार. गोव्यातल्या मयें, करमळीच्या तळ्यांत असा शिकारी घुसला तर आधी तिथली लहान मासळी खलास. मोठा टँक असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाला देणं किंवा दुकानदाराला परत करणं हाच रस्ता, आणि दुकानदार परत घेणार का हे घेतानाच विचारून ठेवायचं. आशियाई अरोवानाचं प्रकरण अजून वेगळं, तो साइटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे आणि वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते, त्यामुळे कागदपत्रांशिवाय तो घेऊच नये.