रेडिओथेरपीआधीचा रोजचा स्कॅन: डोस दुप्पट होतो का?

‘उपचाराआधी रोज स्कॅन काढतात, त्यामुळे रेडिएशन दुप्पट होतं, स्कॅनला नकार द्या,’ असं सांगणारा मेसेज अधूनमधून फिरत असतो. आधी आकडे पाहू. उपचाराच्या एका बैठकीत गाठीला साधारण 2 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक), म्हणजे 2000 मिलिग्रे डोस मिळतो. उपचाराच्या मशीनवरच काढल्या जाणाऱ्या ओटीपोटाच्या कोन-बीम सीटीचा, म्हणजे या रोजच्या स्कॅनचा, डोस बहुधा 10 ते 30 मिलिग्रे. म्हणजे दुप्पट नव्हे, फार तर दीड टक्का. डोक्याच्या स्कॅनला सहसा याहून कमी.

अर्थात, तो शून्यही नाही. गाठीबाहेरच्या निरोगी भागालाही तो मिळतो, म्हणून लहान मुलांच्या बाबतीत जास्तच जपतात: स्कॅनची लांबी कमी ठेवणं, लहान शरीरासाठीचं सेटिंग, जमेल तिथे दोन साधे एक्स-रे.

स्कॅनमध्ये गाठ नेमकी कुठे आहे ते दिसतं. तो टाळला तर? प्रोस्टेटच्या उपचाराचं उदाहरण घ्या. मूत्राशय कमी-जास्त भरलं तरी प्रोस्टेट काही मिलिमीटर सरकतं. मग पूर्ण 2 ग्रेचा काही भाग गुदाशयावर पडू शकतो. मूत्राशय नीट भरलेलं नसल्यास स्कॅन पुन्हा काढावा लागतो. स्कॅनआधी सांगितलेल्या वेळी पाणी प्यायलं की हा जादा डोस वाचतो.

खात्री करायची असेल तर विभागातल्या फिजिसिस्टना (डोसचं गणित पाहणाऱ्या तज्ज्ञांना) विचारा: स्कॅन किती वेळा, कोणत्या सेटिंगवर, दर स्कॅनला किती मिलिग्रे?